टेप क्रमांक ६३

सोमवार, १८ सप्टेंबर २००६, ब्रिस्टल

साडेआठची बस. कामावर नऊ ते दोन. येताना दूध, पालक, ब्रेड. कपडे धुतले, वाळले नाहीत. चार वाजता मुलगा ग्लासगोहून आला, सुश्रुत. आठ आठवड्यांची रजा काढली आहे. सोबत लॅपटॉप, दोन स्पीकर आणि खोकंभर वायरी.

जीपी, म्हणजे इथल्या डॉक्टरबाई, म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिहा, तुमच्या भाषेत लिहा. म्हणून ही वही. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

ह्यांना जाऊन नऊ नोव्हेंबरला वर्ष होईल. इथल्या मराठी मंडळाने अकरा तारखेला, शनिवारी, शाळेचा हॉल घेतला आहे. ह्यांच्यावर पाऊण तासाची फिल्म दाखवायची आहे. मंडळ ह्यांनीच काढलं, गणपतीतली नाटकं तीस वर्षं ह्यांनीच बसवली. फिल्म सुश्रुत करणार. घरात एकंदर त्रेसष्ट टेप निघाल्या. मी त्यांना नंबर घातले आहेत. कामाची सवय.

त्रेसष्टावी शेवटच्या आठवड्यातली. सुश्रुत कॅमेरा स्टँडवर लावून, चालू ठेवून औषध आणायला गेला होता. तेव्हा हे जे बोलले, जसे रडले, ते खोलीत फक्त मी पाहिलं. मग त्यांनी हाताने खूण केली. मी कॅमेरा बंद केला. तेव्हा म्हणाले, "हे कुणाला दाखवू नकोस." मी बरं म्हटलं.

सुश्रुतला मी हे अजून सांगितलेलं नाही. टेप बाकीच्यांबरोबर खोक्यातच आहे. वेगळी ठेवायला हवी होती. आता काढली तर त्याच्या लक्षात येईल.

गुरुवार, २१ सप्टेंबर

डायनिंग टेबल वायरींनी भरलं. आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवतो.

आज पाचच्या सुमारास मी भाजी चिरत होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "वैजू, पाणी आण गं." मी सुरी ठेवली, ह्यांचा स्टीलचा पेला भरला आणि दारापर्यंत गेले. सुश्रुत पाठमोरा बसलेला. पडद्यावर हे, १९९४चा गणपती, तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला. सुश्रुतने वाक्य मागे नेलं. परत "वैजू, पाणी आण गं." परत मागे. आवाज आणि ओठ जुळत नाहीत म्हणाला. एकंदर चौदा वेळा.

पेल्यातलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं.

"हेडफोन लावतोस का रे?"

"कान दुखतो माझा. आणि तुला आवडत नाही? बाबांचा आवाज आहे."

आवडतं म्हटलं.

शनिवार, ३० सप्टेंबर

अजयराव आणि मनीषा आले होते. ह्यांच्यानंतर मंडळाचे अध्यक्ष अजयराव झाले आहेत.

"वहिनी, तुमचे दोन शब्द हवेतच. त्याशिवाय फिल्म पुरी होणार नाही. दादांबद्दल लोकांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. म्हणजे बघा, एक बायको म्हणून, एक सहचारिणी म्हणून, मंडळाची एक जुनी..."

"अहो, त्यांना बोलू द्या की," मनीषा म्हणाली. "मघापासून तुमचेच दोनशे झाले."

सगळे हसले. मीही हसले. ते गेल्यावर सुश्रुतने मला खुर्चीत बसवलं, दिवा डोळ्यांवर आणला.

"आई, बाबांची फेव्हरिट मेमरी सांग. काहीपण."

"ते वेळेवर जेवायचे."

"ओके. अजून?"

"आजारी असतानासुद्धा."

त्याने कॅमेरा बंद केला. "आई, थर्टी-फोर इयर्स!"

नंतर मी विचार केला. मला पुष्कळ आठवतं. पण आठवणीत हे बोलत असतात आणि मी ऐकत असते. ते सांगायचं म्हणजे त्यांचीच वाक्यं म्हणून दाखवायची. ती तर टेपवर आहेत.

बुधवार, ४ ऑक्टोबर

युनिव्हर्सिटीच्या फिल्म-भांडारात मला एकोणीस वर्षं झाली. जुन्या रिळांची यादी करायची, डब्यांवर नंबर घालायचे, कोणी पाहायला आलं तर रीळ यंत्रावर चढवायचं. बोलायचं काम कमी.

सोमवारी ऑस्ट्रेलियाहून पाहुणे येत आहेत. तिथल्या उत्तर भागातल्या एका ॲबोरिजिनल आदिवासी समाजाची सहा रिळं आमच्याकडे आहेत. १९५६ साली इथले एक प्राध्यापक चित्रण करून घेऊन आले. रंगीत, पण मुकी. यादीत लिहिलं आहे, "स्त्रिया, कंद खणताना. मुलगा, मासा घेऊन." नावं नाहीत. आता त्या लोकांचं स्वतःचं लहानसं फिल्म केंद्र आहे. म्हातारी माणसं गोष्टी सांगतात, मुलं कॅमेरा धरतात, आणि ते गावातच दाखवतात. आमच्या रिळांच्या प्रती त्यांना हव्या आहेत.

त्यासाठी दोन वर्षं पत्रं लिहिली ती मिस्टर ——— यांनी. उत्तरं मी टाइप करत असे. एकदा त्यांनी लिहिलं होतं, मासा धरलेला मुलगा मीच, पण मासा माझा नव्हे, बहिणीने पकडलेला. मी घेऊन पळालो आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. जूनमध्ये ते वारले. आता ती बहीण येते आहे, आणि तिची नात.

त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. रिळातलं त्या मुलाचं चित्र मोठं छापून घेतलं आहे. लंडनच्या मैत्रिणीला, स्वातीला, फोन केला, ती वेम्बलीहून चंदनाचा हार पाठवते आहे.

सोमवार, ९ ऑक्टोबर

वाईट दिवस.

सकाळी लवकर गेले. पाहण्याच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड घातलं, त्यावर तो फोटो, खाली नाव छापलेलं, वर हार. विजेवरची छोटी समई ठेवली, रिळांजवळ खरी चालत नाही. आपल्याकडे करतात तसं सगळं केलं.

दहाला त्या आल्या. ऑन्टी मेव्हिस सत्तरच्या असतील, हातात काठी, अंगावर कुणीतरी दिलेला मोठा कोट. नात जोलीन, वीस-बावीसची, खांद्यावर कॅमेरा. मी दार उघडलं. ऑन्टींनी फोटो पाहिला, चटकन तोंड फिरवलं आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं चक्कर आली, पाणी आणायला निघाले.

जोलीनने आत जाऊन फ्रेमचं तोंड भिंतीकडे केलं. मग मला हळू आवाजात म्हणाली, "प्लीज, ते नाव काढून टाका. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं चित्र दाखवत नाहीत. नाव घेत नाहीत. त्याच्या घरचे सांगेपर्यंत."

अशा फिल्मच्या सुरुवातीला सूचना असते, यात मृत व्यक्तींची चित्रं आहेत. ती सूचना मी स्वतः चाळीस वेळा तरी यादीत टाइप केली आहे. मला वाटायचं, त्यात प्रेतं दिसतात म्हणून लहान मुलांसाठी असेल.

त्या परत गेल्या. मी हार पिशवीत घालून घरी आणला. बसमध्ये चंदनाचा वास येत होता.

घरी सुश्रुत "वैजू, ऐकतेस का?" जुळवत होता.

बुधवार, ११ ऑक्टोबर

काल त्या आल्या नाहीत. आज आल्या. मी माफी मागायचं वाक्य पाठ केलं होतं, ते निम्म्यात अडकलं.

ऑन्टी म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं. तू त्याला सजवलंस. ते मला दिसलं."

मग आम्ही कामाला लागलो. मासेवाल्या मुलाचं रीळ बाजूला ठेवलं. बाकीची पाच एकेक करून लावली. जोलीन ऑन्टींचं चित्रण करत होती, त्या पडद्याकडे बघत सांगत होत्या. कंद खणणाऱ्या बाया कोण ते सांगितलं. त्या बायांना जाऊन इतकी वर्षं झाली की त्यांचं नाव घेणं मोकळं झालं आहे. ही अमकीची आई, हिचा पाय अधू, ती जागा कुणाच्या वाट्याची, तिथे खणताना काय म्हणतात. मुक्या रिळावर त्या ते गाणं म्हणायला लागल्या. बायांचे हात त्याच तालात चालले होते. एकोणीस वर्षांत ते रीळ मी कितीदा तरी लावलं असेल.

मध्येच त्या जोलीनवर ओरडल्या, "या बाजूने घेऊ नको! या बाजूला दात नाहीत!"

"आजी, दात कुठल्याच बाजूला नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "तुझंही कुणी गेलंय ना? तुझ्या चालण्यात दिसतं." नवरा म्हटलं. नाव त्यांनी विचारलं नाही. माझ्याच तोंडून निघालं, की आमच्याकडे माझ्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच.

"जिवंत असताना सुद्धा?"

"हो."

ऑन्टी इतक्या हसल्या की कोटाने डोळे पुसले. "अगं बाई, तुम्ही लोक फारच लवकर सुरुवात करता!"

मीही हसले. मोठ्याने. बाहेरून मिस्टर हॉब्ज डोकावून गेले, ते माझे साहेब.

घरी येऊन ४ तारखेच्या पानावर लिहिलेलं त्या गृहस्थांचं नाव खोडलं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आज त्या निघाल्या. पाच रिळांच्या प्रती दिल्या. सहाव्या डब्यावर मी ऑन्टींसमोर चिठ्ठी चिकटवली, "बंद. कुटुंबाने सांगेपर्यंत दाखवू नये."

"किती दिवस?" मी विचारलं. यादीत तारीख लागते.

"त्याच्या मुली सांगतील. एखादीला कधीतरी वाटेल, बापाला बघू या. मग आम्ही घरचे आधी बसून बघू. रडू. मासा माझा होता हे मी पुन्हा सगळ्यांना सांगीन. मग बाकीचे." मग त्यांनी मला विचारलं, "तुझ्या माणसाच्या चित्राचं कोण ठरवतं?"

मी म्हटलं, मुलगा फिल्म करतो आहे. मंडळ दाखवणार आहे.

"ते मी नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

तारखेच्या रकान्यात मी रेघ मारली.

रविवार, १५ ऑक्टोबर

खोक्यात त्रेसष्ट नंबरची जागा रिकामी आहे.

दुपारी जेवणानंतर बाहेरून ह्यांचं रडणं ऐकू आलं. मी बागेत गेले. पानं गोळा केली, तीन पोती. आत आले तेव्हा सुश्रुत नुसता बसला होता, डोळे लाल. जेवणार का विचारलं. आत्ताच जेवलो ना, म्हणाला.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

शनिवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. ह्यांचं वर्ष पुरं व्हायचंय, म्हणून काही केलं नाही. मनीषाने चकल्या पाठवल्या.

रविवार, ५ नोव्हेंबर

फिल्म झाली. सुश्रुतने मला दाखवली. चव्वेचाळीस मिनिटं दहा सेकंद.

मी तीनदा दिसते. नवव्या मिनिटाला, स्त्री, हातात ट्रे. एकविसाव्या मिनिटाला, स्त्री, पाठमोरी, पडदा ओढताना. तिसऱ्यांदा फक्त हात, पाण्याचा पेला देताना. माझी मुलाखत वापरता आली नाही म्हणाला. बरं झालं.

शेवटची चार मिनिटं टेप त्रेसष्टची. हे उशीला टेकून. "मला जायचं नाही गं. मला फार भीती वाटते." मग रडणं. मग हळूहळू काळोख आणि गणपतीतलं हसणारं चित्र.

"कशी वाटली?" सुश्रुतने विचारलं.

मी म्हटलं, चांगली झाली आहे. मेहनत दिसते.

हे मी का म्हटलं ते कळत नाही. बाहेर फटाके चालू होते, इथे दर पाच नोव्हेंबरला उडवतात ते. त्या निमित्ताने खिडकी लावायला उठले.

बुधवार, ८ नोव्हेंबर

तीन दिवस रोज ठरवते, आज सांगायचं. सकाळी तो झोपलेला असतो. दुपारी फोनवर असतो. संध्याकाळी अजयराव येतात. काल म्हणाले दीडशे लोक होणार, शेवट तर अंगावर काटा आणतो, रुमाल वाटावे लागतील. म्हणजे त्यांनी पाहिलं आहे. आता मला घरात चालताना सुद्धा असं वाटतं, की कुठलंही दार उघडलं तरी ह्यांच्या आजारपणाच्या त्याच खोलीत जाणार.

आज भांडी विसळता विसळता म्हटलं, "तो शेवटचा भाग नको."

"कुठला?"

"आजारपणातला. त्यांनी मला सांगितलं होतं, दाखवू नकोस म्हणून."

"कधी? टेपवर नाहीये."

"मी कॅमेरा बंद केल्यावर."

त्याने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "आई, बाबांना कॅमेरा आवडायचा. ते असं नाही सांगणार. आणि तू आता का? डीव्हीडी बर्न झाल्या. इतके दिवस घरात आहेस. तू कधीच काही डिसाइड करत नाहीस, आणि आता लास्ट मिनिट!"

खरं आहे. नळ बंद केला. तो वर निघून गेला.

मी टाइप केलेल्या सगळ्या सूचना आठवल्या. एकीखालीही माझं नाव नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

वर्ष झालं. कामावर गेले नाही. सकाळी आंघोळ करून दहा वाजता सुश्रुतला म्हटलं, "ती टेप मला बघायची आहे. फिल्म नाही, टेप. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आपण दोघांनी."

"ते बघितलंय मी."

"माझ्याबरोबर नाही."

तो बसला. हात माउसवर. मी म्हटलं, हात काढ. त्याने काढला, परत ठेवला. "सवय आहे," म्हणाला. शेवटी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला, लहानपणी जेवताना बसायचा तसा.

टेप एकोणीस मिनिटांची. आधी सुश्रुतच दिसतो, कॅमेरा नीट लावताना. ह्यांना म्हणतो, "बाबा, ट्वेंटी मिनिट्स, येतो." मग रिकामी भिंत आणि हे. मग मी उशी सारखी करते. बराच वेळ काही नाही. मग ते बोलतात, रडतात. फिल्ममध्ये इथेच काळोख होतो. टेपवर पुढे आहे. ह्यांचं कॅमेऱ्याकडे लक्ष जातं. ते चादर ओढतात, तोंडावर घेतात, आणि चादरीखालून हात बाहेर काढून हलवतात. मग माझा हात मोठा होत येतो आणि चित्र संपतं.

सुश्रुत म्हणाला, "मला माहीत होतं. तो चादरीचा भाग मीच कापला."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"सगळे म्हणतात, दादा काय हसायचे, दादा काय बोलायचे. मी परत आलो तेव्हा पण ते हसले माझ्याशी. औषध घेऊन आलो आणि त्यांनी जोक केला, आई. मला वाटलं ते ओके आहेत. आठ आठवडे मी त्या हसण्याचं एडिटिंग करतोय." त्याने मांडीखालचा एक हात काढून चेहरा पुसला. "एवढा एकच भाग आहे जिथे ते खरे आहेत. आणि मी तिथे नव्हतो."

त्याच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी. पाठ रुंद झाली आहे.

"हे बंद ठेवू या," मी म्हटलं. "कायमचं नाही. तुला बघावंसं वाटलं तर मला सांग. आपण दोघं बसून बघू."

"त्यांनी सांगितलं म्हणून?"

हो म्हणणार होते. मग म्हटलं, "मला नको आहे."

दुपारी वरण-भात केला. टेबलावर एका कोपऱ्यात जागा करून जेवलो.

शनिवार, ११ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. चाळीस मिनिटांची फिल्म दाखवली. सुश्रुत आदल्या दिवशी दुपारपर्यंत नवीन प्रती काढत बसला होता. गणपतीतल्या हसण्यावर ती एकदम संपते.

अजयराव मला म्हणाले, "वहिनी, शेवट काढलात? अहो, लोक ढसाढसा रडले असते."

"हो," मी म्हटलं. "मी काढायला लावला."

ते माइककडे वळले. मग जाहीर केलं, की ही फिल्म दर वर्षी याच दिवशी दाखवायची, आणि डीव्हीडी प्रत्येक घरी द्यायची. टाळ्या झाल्या. शेवटी मला स्टेजवर बोलावून मंडळातर्फे ह्यांचा फोटो दिला. तीन फुटी, सोनेरी फ्रेम, हार घातलेला. दिवाणखान्यात लावा, म्हणाले, आम्ही येतो तेव्हा दादा दिसले पाहिजेत. सगळे बघत होते. मी दोन्ही हातांनी घेतला.

घरी आणताना गाडीत मागच्या सीटवर ठेवला. त्याला पट्टा लावावा लागला.

रविवार, १२ नोव्हेंबर

सकाळी सुश्रुत ग्लासगोला गेला. वायरी, स्पीकर, सगळं घेऊन गेला. त्रेसष्ट नंबरची टेप मला देऊन गेला. मी तिच्यावर चिठ्ठी लावली, "बंद", आणि खाली माझं नाव घातलं. कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

मनीषाचा फोन, फोटो लावला का. खिळा आणायचा आहे म्हटलं. अजयराव पुढच्या रविवारी ड्रिल घेऊन येणार आहेत. तेव्हा लावावाच लागेल.

डायनिंग टेबल पुसलं. घरात आवाज नाही. फोटो सोफ्याला टेकून उभा होता, जाईन तिथे बघत होता. हार काढून पिशवीत ठेवला, त्या दुसऱ्या हाराशेजारी. फ्रेम जड आहे. एक कोपरा उचलून, मग दुसरा, अशी फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मग स्वयंपाकघरात गेले. ह्यांचा स्टीलचा पेला घेतला, नळाखाली भरला आणि तिथेच उभी राहून पाणी प्यायले.